नणंदबाईंचा डबा

"या वयात डब्यात बसायची पाळी आली गं बाई! आणि हे झाकण! वर लिहिलंय, 'उघडण्यास सोपे'. लिहिणाऱ्याला आणून बसवा इथं."

ही कुरकुर शेजारच्या संडासातून येत होती. इस्पितळातल्या त्या दोन संडासांमधली भिंत म्हणजे नुसती एक फळी, खालून वीतभर मोकळी. त्या फटीतून मला नणंदबाईंची लांबसडक पावलं दिसत होती आणि त्यांना माझी सुजरी. मीही तेच करत होते. माझ्याही हातात तसाच पांढरा डबा होता, त्यावर माझं नाव आणि एक लाल पट्टी.

"ताई, तुमचं झालं का?" फळीपलीकडून विचारणा झाली.

"होईल. गाडी चुकत नाहीये कुणाची."

"माझं झालं बाई. मला कसं, सकाळी एकदा कोमट पाणी पोटात गेलं की काम फत्ते. लहानपणापासूनच."

यातही त्यांचा पहिला नंबर. मी कपाळ फळीला टेकवलं आणि पोटाला मनातल्या मनात म्हटलं, बाबा रे, आज अब्रू राख.

आम्ही दोघी बसलो होतो त्या एकाच बाईसाठी. माझी धाकटी बहीण, त्यांची भावजय. तिला मी बारकी म्हणते. आता ती केस रंगवते, चष्मा लावते, तिची लेक दूर कुठेतरी वसतिगृहात राहून शिकते, तरी माझ्यासाठी ती बारकीच. आई गेली तेव्हा ती बोबडं बोलत होती आणि मी शाळेत होते. बाबा कारखान्यात पाळीवर. तिच्या वेण्या, तिचे पाढे, तिचा ताप, सगळं माझ्या हातून गेलं. हे मी इस्पितळातल्या प्रत्येक नर्सला सांगितलं होतं, म्हणजे त्या नीट लक्ष देतील. "हिला मी वाढवलंय हो," असं म्हटलं की नर्सच्या चेहऱ्यावर जरा माया येते. बारकी त्या वेळी भिंतीकडे बघायची. लाजते, असं मला वाटायचं.

दुखणं सुरू झालं ते दाढेवरून. दाढ काढली, आत पू झाला, म्हणून जालीम अँटिबायोटिक दिलं. दाढ बरी झाली आणि पोट गेलं. गेलं म्हणजे असं, की पलंग आणि संडास यांच्या मधेच तिचा दिवस जायचा. औषध दिलं की बरं, औषध थांबलं की पुन्हा तेच. तिसऱ्यांदा झालं तेव्हा तिचं मनगट माझ्या दोन बोटांत मावायला लागलं, आणि मोठ्या डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना तिच्या खोलीत गोळा केलं. सगळे म्हणजे मी, बारकीचा नवरा आणि नणंदबाई. डॉक्टरांबरोबर एक तरुण डॉक्टरीण होती, जाड चष्म्याची. ती याच विषयावर संशोधन करत होती.

"माणसाच्या आतड्यात अगणित जंतू असतात," मोठे डॉक्टर म्हणाले, "आणि ते आपले असतात. आपलं पचन, आपली प्रतिकारशक्ती, बरंच काही त्यांच्यावर चालतं. औषधानं वाइटाबरोबर चांगलेही मेले. जागा रिकामी झाली. हिच्या पोटातला हा जंतू डांबरट आहे. औषध आलं की कवच पांघरून पडून राहतो, औषध गेलं की उठतो आणि सगळी जागा बळकावतो."

"मग आता?" बारकीच्या नवऱ्यानं विचारलं. तो इमारतींचे नकाशे काढतो, त्याला प्रत्येक गोष्टीत पुढची खोली कुठली ते लागतं.

"आता तिथं पुन्हा वस्ती करायची. एखाद्या निरोगी माणसाची विष्ठा घ्यायची, तपासायची, पातळ करून गाळायची आणि नळीनं हिच्या आतड्यात सोडायची."

मग पलंगावरून बारकी म्हणाली, "आयुष्यभर लोकांचं ऐकून घेतलं. आता हेही घ्यायचं?"

नणंदबाई फस्सकन हसल्या. त्यांचं बघून बारकीही हसली, पोट धरून हसली. मला हसू आलं नाही असं नाही, पण मला यायच्या आधी त्यांचं झालं होतं.

"कुणाचं घ्यायचं?" नवऱ्यानं विचारलं.

"माझं घ्या," मी म्हटलं.

खरं तर त्याचा प्रश्न पुरता झालाही नव्हता. पण यात विचार कसला करायचा? मी दगड पचवणारी बाई. मला आठवतं तेव्हापासून माझं पोट कधी दुखलं नाही. बहिणीपेक्षा जवळचं कोण?

"तसं नाही," चष्मेवाली म्हणाली. "जवळचं नातं असलं म्हणजे दाता चांगला, असं काही सिद्ध झालेलं नाही. मला विचाराल तर आपल्याकडच्या गोठवलेल्या नमुन्यांतला घ्यावा. अनोळखी, नीट पारखलेला."

"आपल्याकडे गोठवलेले नमुने आहेत किती?" मोठे डॉक्टर म्हणाले. "घरातला माणूस समोर असतो. त्याची सगळी माहिती मिळते."

"सर, घरातला माणूस नको ते लपवतोसुद्धा. आणि आपण नेमकं काय काय देतोय, ते आपल्याला तरी कुठे पुरतं माहीत आहे? लठ्ठ माणसांचे जंतू उंदरांना दिले, तर उंदीर लठ्ठ झाले. एका बाईला तिच्या लेकीचं दिलं, पुढे तिचं वजन खूप वाढलं."

"एका बाईवरून सिद्धान्त मांडतेस?"

"मांडत नाही. शंका घेतेय."

हे सगळं बोलताना तिनं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, आणि ते मला जास्त लागलं. मी अंगानं भरलेली आहे. पडदे शिवते, दिवसभर मशीनवर बसून असते, त्याला काय करणार?

ठरलं असं, की घरातल्या तिघांना तपासायचं. बारकीचा नवरा पहिल्याच फेरीत बाद झाला. तो पित्तासाठी रोज गोळी घेतो, आणि ती चालत नाही म्हणे. राहिलो आम्ही दोघी.

आता नणंदबाईंबद्दल सांगते. त्या पोहायला शिकवतात. उंच, सडपातळ, केस बारीक कापलेले, चालताना पाठ अशी की मागे फळी बांधलीय. लग्न केलं नाही. बारकीच्या घरावरच त्यांची खोली आहे, आणि रात्रीचं जेवण बारकीच्या टेबलावर. बारकी त्यांना 'वन्सं' म्हणते. गमतीत सुरू केलं होतं, ते चिकटलं. त्यांनी माझं कधी काही वाईट केलं नाही. वाईट केलं असतं तर बरं झालं असतं, निदान सांगायला काही असतं.

त्या दिवसांत मी फोनवर वाचायला लागले. मी कॉलेजची पायरी चढलेली नाही, पण वाचायला कुणी अडवत नाही. वाचून वाचून मी अर्धी डॉक्टर झाले, तीही चुकीची अर्धी. त्यात एका ठिकाणी असं सापडलं, की पोटातले जंतू रक्ताच्या नात्यापेक्षा एकत्र राहण्यावरून जास्त जुळतात. एका छपराखाली राहणारे एकमेकांना ते देत राहतात. बोलता बोलता, जेवता जेवता. जुळ्या बहिणीसुद्धा वेगळ्या राहायला लागल्या की वर्षांमागून वर्षं त्यांच्यातलं साम्य कमी होत जातं.

मी फोन उलटा ठेवला. कधीकाळी आम्ही एका पांघरुणात झोपलो होतो. तिची उष्टी बशी मी चाटून पुसून खाल्ली होती. तेव्हा माझ्या पोटात जे होतं तेच तिच्या पोटात असणार. आणि आता, कुठल्या तरी प्रयोगशाळेतल्या लोकांनी मोजून सांगितलं होतं, की तिच्या आत मी थोडी थोडी कमी होत गेले, आणि माझ्या जागी दुसरं कुणी तरी रोज रात्री जेवायला बसत गेलं.

मत्सर वरच्या मजल्यावर राहतो, असं मला तोवर वाटायचं. म्हणजे डोक्यात. तो पोटात राहतो. मला तर तो आता भिंगाखाली दिसायला लागला होता.

तपासणीनंतरचे दिवस वाट बघण्याचे होते. मी रोज दुकान बंद करून इस्पितळात बारकीकडे जायचे. एकदा जिन्यातच तिच्या खोलीतलं हसणं ऐकू आलं. नणंदबाई कुठल्या तरी विद्यार्थ्याची नक्कल करत होत्या, पाण्यात बुडायच्या आधीच वाचवा वाचवा म्हणणाऱ्या. बारकी खोकेपर्यंत हसत होती. मी दार ढकललं आणि हसणं थांबलं. खिडकी लावल्यावर वारा थांबावा तसं.

"ये ना ताई," बारकी म्हणाली. "काही नाही, असंच."

"मीही हसले असते," मी म्हटलं.

"अहो, मग हसा की," नणंदबाई म्हणाल्या, आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं.

मी बसले. मी बारकीची उशी सरळ केली, पाण्याचा पेला भरला, चादरीची घडी बसवली, तिच्या औषधांच्या पट्ट्या एका रांगेत लावल्या. हसायचं मात्र राहून गेलं.

निकालाच्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी पुन्हा सगळ्यांना बोलावलं. बारकीला इस्पितळात ठेवून घेतलं होतं, म्हणून खोली तीच, पलंग तोच. तिथले पडदे मात्र बदलले होते. नव्यांची किनार उलटी शिवली होती. माझं लक्ष तिथेच जातं.

"नणंदबाईंचा नमुना घेऊ या," डॉक्टर म्हणाले. तेही त्यांना नणंदबाईच म्हणायला लागले होते. "परवा दुपारी करू."

"आणि माझा?" मी विचारलं.

"तुमचा..." डॉक्टरांनी कानाची पाळी खाजवली. "तुमचा या वेळी वापरत नाही आहोत."

"म्हणजे काय निघालं त्यात?"

"घाबरण्यासारखं काहीही नाही. तुमची तब्येत उत्तम आहे."

"मग?"

बारकीचा नवरा पंख्याचं बटण खालीवर करून बघायला लागला. पंखा चालू होता, बंद झाला, पुन्हा चालू झाला. चष्मेवालीनं चष्मा काढून पुसायला घेतला. नणंदबाईंच्या पिशवीची चेन अचानक अडकली. आणि बारकी, बारकी त्या नव्या पडद्यांकडे बघत होती, जसं काही तीच मापं घ्यायला आली आहे.

मी समजले. नापास झाले. आणि सगळ्यांना माहीत आहे, आणि सगळे मला सांभाळून घेत आहेत. आपल्याला सांभाळून घेतलं जातंय हे कळलं की माणूस किती लहान होतो! शाळेत गणितात शून्य मिळालं होतं तेव्हाही इतकं वाटलं नव्हतं, कारण तेव्हा निदान बाई ओरडल्या होत्या.

घरी जाऊन आरशासमोर उभी राहिले. पोटावर हात ठेवला. "इतकी वर्षं तुला पोसलं," त्याला म्हटलं, "आणि ऐन वेळेला तू असं केलंस?" त्या संध्याकाळी जेवणात नुसती काकडी खाल्ली. दुसऱ्या दिवशीही. एवढ्यानं काही होत नाही हे मी वाचलं होतं, पण काकडी खाल्ली.

ठरल्या दिवशी सकाळीच बारकीच्या नवऱ्याचा फोन आला. आवाज पडलेला.

"ताई, एक काम होतं. कसं सांगू कळत नाही."

"सांगा की. आता लाजायचं काय राहिलंय?"

"ताईचा डबा... म्हणजे माझ्या ताईचा. तिची सकाळची मुलांची बॅच आहे, बदली शिक्षक आला नाही, पाणी सोडून तिला निघता येत नाही. मी इथं बारकीपाशी आहे. तिचं पोट रात्रीपासून रिकामं करून घेतलंय, फार गळून गेलीय. तलाव तुमच्या वाटेवर पडतो. तर तुम्ही..."

"मी आणू?"

"दुपारच्या आत पोचला पाहिजे. बर्फात नको, उन्हात नको."

मी हो म्हटलं. नाही कसं म्हणणार?

तलावाच्या फाटकाशी नणंदबाई आल्या त्या ओल्या अंगानं, डोक्यावर रबरी टोपी, गळ्यात शिट्टी. मागे पाण्यात मुलांचा कालवा. त्यांनी माझ्या हातात एक निळी जाड अस्तराची पिशवी दिली.

"सॉरी हं ताई. तुम्हाला हे ओझं."

"ओझं कसलं! तुमचंच तर सगळं आहे आता."

त्यांनी टोपीखालचे कान चोळले. काहीतरी बोलायचं होतं त्यांना, तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात कुणी तरी पाण्यात किंचाळलं, आणि त्या शिट्टी फुंकत पळाल्या.

बसमध्ये मी पिशवी मांडीवर घेऊन बसले. किंचित कोमट लागत होती. शेजारच्या बाईनं विचारलं, "जेवणाचा डबा का? इस्पितळात कुणाला?"

"बहिणीला," मी म्हटलं.

"नशीबवान आहे हो बहीण."

यावर काय बोलणार! मी खिडकीबाहेर पाहिलं आणि इस्पितळ यायच्या बरंच आधी उतरले. माझं दुकान तिथून जवळ आहे. वाटेवर होतं म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. एवढं काही वाटेवर नव्हतं.

दुकान उघडलं. कापड कापायच्या टेबलावर पिशवी ठेवली, एका हॉटेलच्या तपकिरी पडद्यांच्या गठ्ठ्याशेजारी. शेगडीवर चहा टाकला. समोरच्या खिडकीतून ऊन टेबलाच्या एका कोपऱ्यावर आलं होतं. त्या वेळी ते तसंच येतं आणि हळूहळू पलीकडच्या टोकाला जातं. म्हणून त्या टेबलावर मी फिके रंग कधी ठेवत नाही.

मी काही करत नव्हते. कुणी विचारलं असतं तर चहा पीत होते.

हे खराब झालं तर आज काही होणार नाही, एवढंच डोक्यात चाललं होतं. नणंदबाईंच्या शर्यती आहेत, त्या चार दिवस गावाला जाणार. मग डॉक्टर म्हणतील, बरं, ताईंचं पुन्हा एकदा तपासून बघू. दुसऱ्यांदा तपासलं की निघतात चुका, निघत नाहीत का? आणि मग नळीतून जे जाईल ते माझं असेल. बारकी उठून बसेल, भाकरीचा तुकडा मोडेल, गालावर मांस येईल, आणि त्या सगळ्याला कारण मी असेन. कुणाला सांगायचीही गरज नाही. तिलाच माहीत असेल. आतून.

ऊन गठ्ठ्यावर चढलं. मी कपात दुसऱ्यांदा चहा ओतला.

रात्रीपासून तिचं पोट रिकामं केलंय, हेही डोक्यात होतं. फार गळून गेलीय. पण ते लांबून कुणी दुसऱ्याच बाईबद्दल बोलत असावं तसं ऐकू येत होतं.

मग ऊन पिशवीच्या कडेला लागलं. निळं कापड एकदम उजळ दिसायला लागलं, आणि माझ्या हातानं पिशवी उचलली. हातानंच. माझं मन अजून चहाच पीत होतं. हात पिशवी छातीशी धरून होता, पाय दुकानाबाहेर पडले होते, आणि मागे शेगडी चालू राहिलीय हे आठवून मला परत धावत जावं लागलं. ती बंद केली, कुलूप लावलं आणि रिक्षा केली. रिक्षावाल्याला म्हटलं, "सावलीसावलीनं घ्या." त्याला वाटलं मला उन्हाचा त्रास आहे.

इस्पितळाच्या तळमजल्यावर प्रयोगशाळा. तिथं काउंटरवर एक ठेंगणी बाई बसते, सतत तोंडात पेन. नमुने घेते, म्हणून मी तिचं नाव 'डबेवाली' ठेवलं होतं. तिनं पिशवी उघडली, डब्याला हात लावला, एक काडी आत घालून काहीतरी मोजलं.

"चालेल," ती म्हणाली. "अजून तासभर गेला असता तर मात्र पंचाईत होती."

"वाहतूक होती फार," मी म्हटलं.

"बरं झालं तुम्हीच आलात. तुम्हाला फोन करणारच होते मी. तुमचाही थोडा ठेवलाय हं आम्ही गोठवून. तुमची परवानगी मिळाली तर दुसऱ्या पेशंटसाठी वापरू. आणि महिन्यातून दोनदा येऊन दिलात तर सोन्याहून पिवळं."

ती स्वतःच त्यावर हसली. मी हसले नाही.

"माझा? माझा तर नापास झाला ना?"

"नापास? कोण म्हणालं? शंभर माणसं तपासली ना ताई, तर बोटांवर मोजण्याइतकी यात बसतात. तुमचा इतका चांगला आहे, की आमच्या चष्मेवाल्या मॅडम दोन दिवस त्याच्याबद्दलच बोलत होत्या. खरं सांगायचं तर या नणंदबाईंच्यापेक्षा..." ती थांबली. पेन शोधायला लागली. पेन तोंडात होतं.

"मग माझ्या बहिणीला का नाही दिला?"

"ते... मला काय ठाऊक! पेशंटचंही ऐकावं लागतं ना."

खोटं कशाला बोलू? माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की नणंदबाईंच्यापेक्षा. नणंदबाईंच्यापेक्षा! मला रस्त्यात उभं राहून ओरडून सांगावंसं वाटलं. दुसरा विचार यायला जिना चढावा लागला. पहिल्या मजल्यावर तो अर्धा आला. दुसऱ्या मजल्यावर पुरा आला. पेशंट म्हणजे बारकी.

खोलीत तिघंही होती. नणंदबाई तलावावरून तशाच धावत आल्या असाव्यात, केसांतून पाणी गळत होतं. नवरा खिडकीशी. बारकी पलंगावर कुशीवर, इस्पितळाच्या पातळ झग्यात, एवढीशी, गुडघे पोटाशी.

"पोचला ना?" नणंदबाईंनी विचारलं.

"पोचला. चांगला आहे म्हणाली."

"हुश्श."

"माझाही चांगला होता म्हणाली," मी म्हटलं.

नवऱ्याचा हात पंख्याच्या बटणाकडे गेला आणि तिथंच थांबला. नणंदबाई उठल्या. "मी जरा पाण्याची बाटली भरून आणते."

"वन्सं, बसा," बारकी म्हणाली. आवाज बारीक होता, पण नणंदबाई बसल्या.

मला अजूनही वाटत होतं की यातून सगळ्यांना सुखरूप बाहेर काढावं. सवयच आहे. "काहीतरी घोटाळा झाला असेल त्यांचा," मी म्हटलं. "त्या चष्मेवालीला पहिल्यापासून माझं नकोच होतं. वजनाचं काढलं होतं ना तिनं."

"हो हो," नवरा म्हणाला, "तसंच काहीतरी. हे डॉक्टर लोक ना, एकदा ठरवलं की..."

"पुरे की हो," बारकी म्हणाली.

ती हातावर जोर देऊन उठायला लागली. मी तिला धरायला पुढे झाले. तिनं माझा हात बाजूला केला, हळूच, पण केला, आणि एकटीच उठून बसली. तेवढ्यानं तिला धाप लागली. मला वाटलं रडेल. रडली नाही. लहानपणी पाढा चुकला की माझ्याकडे बघायची तसं सरळ माझ्याकडे बघितलं.

"त्यांचा काही घोटाळा झालेला नाही, ताई. मीच सांगितलं त्यांना, ताईचं नको म्हणून. यांनाही मीच गप्प राहायला लावलं. वन्संना तर शपथ घातली. त्या कालपर्यंत म्हणत होत्या, ताईंना सांग, सांग म्हणून." तिनं ओठ ओले केले. "तू माझ्या वेण्या घातल्यास. शाळा, लग्न, बाळंतपण, सगळं केलंस. मी विसरलेले नाही, विसरायची सोयच नाही, इथल्या नर्सलासुद्धा पाठ झालंय. मी आजवर जेव्हा जेव्हा धड उभी राहिले, ती तुझ्यामुळे. तू आज इथं बस. माझा हात धर. मला भीती वाटतेय, जाऊ नकोस. पण ताई, मला एकदा तरी तुझ्याशिवाय बरं व्हायचंय."